सात वाजून सोळा मिनिटं

1 ऑक्टोबर 2005

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात स्वसंरक्षणाचा नवा कायदा लागू होतो. गव्हर्नर जेब बुश यांनी एप्रिलमध्येच त्यावर सही केली आहे. आतापर्यंत नियम असा होता की, घराबाहेर कुणी अंगावर आलं आणि सुरक्षितपणे मागे सरता येत असेल, तर जीव घेण्याआधी मागे सरावं. नव्या कायद्यात ही अट नाही. माणूस जिथे हक्काने उभा आहे तिथून त्याने हटण्याची गरज नाही. मरणाची किंवा गंभीर इजेची रास्त भीती असेल, तर तो गोळी झाडू शकतो.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे. बळाचा वापर बेकायदा होता असं मानायला सबळ कारण हाती आल्याशिवाय पोलिसांनी अटक करायची नाही.

ऑगस्ट 2011

सॅनफर्ड हे ऑरलँडोच्या उत्तरेचं छोटं शहर. तिथल्या 'रिट्रीट ॲट ट्विन लेक्स' या वसाहतीत फाटकाच्या आत एकमेकांना खेटून बांधलेली सुमारे 260 दुमजली घरं आहेत. या महिन्यात भरदिवसा एका घरात चोर शिरतात. घरातली तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन वरच्या खोलीत दार लावून बसते. वसाहतीत चोऱ्या होत आहेत आणि रहिवासी घाबरलेले आहेत. ही भीती खोटी नाही.

सप्टेंबर 2011

रहिवाशांची बैठक भरते. वसाहतीवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवकांचा गट तयार होतो आणि जॉर्ज झिमरमन हा रहिवासी त्याचा प्रमुख होतो. स्वयंसेवकांचं काम बघणारी पोलीस खात्यातली कर्मचारी बैठकीला आलेली असते. तिचं सांगणं थोडक्यात असं: तुम्ही आमचे डोळे आणि कान आहात. संशयास्पद काही दिसलं तर फोन करा. मागे जाऊ नका, हटकू नका.

पहिली सूचना मिळाली ती इथे, घटनेच्या पाच महिने आधी.

2 फेब्रुवारी 2012

झिमरमन पोलिसांना फोन करून वसाहतीत एक अनोळखी माणूस फिरत असल्याचं कळवतो. पोलीस पोचतात तोवर माणूस निघून गेलेला असतो.

26 फेब्रुवारी 2012, रविवार, संध्याकाळी 6.24

वसाहतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक सेव्हन-इलेव्हन दुकान आहे. कॅमेऱ्यात गल्ल्यासमोर एक उंच मुलगा दिसतो. करड्या रंगाचा, टोपी असलेला स्वेटशर्ट. ट्रेव्हन मार्टिन, वय 17, राहणार मायामी गार्डन्स. शाळेने दहा दिवसांसाठी निलंबित केल्यामुळे तो वडिलांबरोबर इथे आला आहे. वडिलांच्या होणाऱ्या पत्नीचं घर याच वसाहतीत आहे.

तो स्किटल्सच्या गोळ्यांचं पाकीट आणि कलिंगडाच्या सरबताचा एक कॅन घेऊन निघतो. बाहेर पाऊस आहे.

बावन्न मिनिटं उरली आहेत.

7 च्या सुमारास

झिमरमन, वय 28, गाडी घेऊन घरातून निघतो. आठवड्याचं सामान आणायला दुकानात जायचं आहे. कमरेला, पँटच्या आतल्या बाजूला पिस्तूल आहे. केल-टेक कंपनीचं पीएफ-9, नऊ मिलिमीटरचं, रिकामं असताना वजन सुमारे 360 ग्रॅम. त्याच्याकडे परवाना आहे. किराणा आणायला जाताना ते बरोबर घेण्यात बेकायदा काही नाही.

7 वाजून 9 मिनिटं 34 सेकंद

तो गाडीतून पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर फोन लावतो. संभाषणाची नोंद होते आहे.

आमच्याकडे चोऱ्या झाल्या आहेत, एक संशयास्पद माणूस दिसतो आहे, असं तो सांगतो. पाऊस पडतोय आणि हा नुसता फिरतोय, घरांकडे बघतोय. पलीकडचा कर्मचारी विचारतो, गोरा, कृष्णवर्णीय की हिस्पॅनिक? कृष्णवर्णीय दिसतो, असं उत्तर येतं. वय? पुढच्या काही सेकंदांत तेही सांगून होतं: विशीच्या आतला असावा.

म्हणजे समोर कोवळं पोर आहे हे फोन करणाऱ्याच्या लक्षात आलं आहे.

कर्मचारी म्हणतो, त्याने काही केलं तर कळवा, पोलीस निघाले आहेत. झिमरमन एक शिवी हासडतो आणि म्हणतो, हे लोक नेहमी निसटतात.

7.11 उलटून गेल्यावर

"तो पळतोय," झिमरमन सांगतो. गाडीचं दार उघडल्याचा आवाज नोंदला जातो. मग फोनमध्ये वारा घुमू लागतो आणि श्वासाची लय बदलते.

कर्मचारी विचारतो, "तुम्ही त्याच्या मागे जाताय का?"

"हो."

"ठीक आहे, त्याची आम्हाला गरज नाही."

"ठीक आहे."

ही दुसरी सूचना. कर्मचारी पोलीस अधिकारी नाही, त्यामुळे कायद्याने हा हुकूम ठरत नाही. कुणाच्या मागे चालणं हा गुन्हाही नाही. पुढे बचाव पक्ष या दोन्ही गोष्टी ठासून मांडणार आहे आणि त्या दोन्ही बरोबर आहेत.

पाच मिनिटं उरली आहेत.

7.12

ट्रेव्हनच्या कानात इअरफोन आहे. मायामीतल्या मैत्रिणीशी त्याचं बोलणं चालू आहे. पुढे तिने कोर्टात दिलेल्या साक्षीनुसार, एक माणूस आपल्यावर नजर ठेवून आहे असं तो तिला सांगतो. ती म्हणते, पळ. तो म्हणतो, घर जवळच आहे.

त्याच मिनिटात झिमरमन पोलिसांना पत्ता समजावतो आहे. घराचा नंबर सांगता सांगता तो थांबतो. पोरगा कुठे आहे माहीत नाही, सगळा पत्ता मोठ्याने सांगायला नको, असं म्हणतो.

7.13

कर्मचारी भेटण्याची जागा सुचवतो: टपालपेट्यांजवळ भेटाल का? झिमरमन आधी हो म्हणतो, मग बेत बदलतो. पोलिसांना मला फोन करायला सांगा, मी कुठे आहे ते सांगेन.

पाच-दहा शब्दांचा बदल. टपालपेट्यांजवळ थांबायचं ठरलं असतं तर त्याला तिकडे परत जावं लागलं असतं. आता तो कुठेही असू शकतो.

फोन ठेवला जातो. चार मिनिटांहून थोडं अधिक बोलणं झालं आहे.

7.13 ते 7.16

या अडीच मिनिटांत झिमरमनच्या बाजूची कसलीच नोंद नाही. घरांच्या दोन रांगांच्या मागच्या अंगणांमधून काँक्रीटची पायवाट जाते. पाऊस आहे, अंधार आहे.

झिमरमन पोलिसांना पुढे सांगतो ते असं: मी गाडीकडे परत निघालो होतो. मुलगा अंधारातून आला, काहीतरी बोलला आणि त्याने नाकावर ठोसा मारला. मैत्रिणीची साक्ष अशी: ट्रेव्हनने विचारलं, माझ्या मागे का येतोयस? समोरचा म्हणाला, इथे काय करतोयस? मग धडपडल्यासारखा आवाज आला आणि फोन तुटला.

पहिला हात कुणी उचलला? सगळा खटला याच अडीच मिनिटांवर उभा राहणार आहे आणि ती पुराव्याने कधीच भरली जाणार नाहीत.

7 वाजून 16 मिनिटं 11 सेकंद

मागच्या अंगणात कुणीतरी ओरडतं आहे म्हणून एका घरातून 911 या तातडीच्या क्रमांकाला फोन लागतो. बाई बोलते आहे आणि तिच्या आवाजामागे किंकाळ्या ऐकू येतात. कर्मचारी विचारतो, तो 'वाचवा' म्हणून ओरडतोय असं वाटतं का? ती हो म्हणते. त्या घरातून बाहेर कुणी जात नाही.

किंकाळ्या सुमारे 45 सेकंद चालतात.

7.16, मिनिट संपायला काही सेकंद असताना

एक गोळी.

किंकाळ्या थांबतात.

पुढची काही मिनिटं

पहिला पोलीस पायवाटेवर येतो. झिमरमन हात वर करून उभा आहे. गोळी मी मारली, पिस्तूल माझ्या कमरेला आहे, असं तो सांगतो. पोलीस त्याला बेड्या घालतो आणि पिस्तूल काढून घेतो. झिमरमनच्या नाकातून आणि डोक्याच्या मागच्या बाजूने रक्त येत आहे. जॅकेटची पाठ ओली असून तिला गवत चिकटलं आहे.

मुलगा गवतात पालथा पडला आहे. पोलीस त्याला उताणा करून छाती दाबतात, तोंडाने श्वास देतात. छातीची जखम बंद करायला एका रहिवाशाकडून प्लास्टिकची पिशवी मागून घेतात.

7.30

रुग्णवाहिकेचे कर्मचारी मृत्यू घोषित करतात. मुलाच्या स्वेटशर्टच्या खिशात सरबताचा कॅन आहे. तो उघडलेला नाही. वडिलांच्या होणाऱ्या पत्नीचं घर तिथून सुमारे 65 मीटरवर आहे.

7.52

पोलीस ठाण्याच्या कॅमेऱ्यात बेड्या घातलेला झिमरमन गाडीतून उतरताना दिसतो. त्याने दवाखान्यात जायला नकार दिला आहे. इथून दुसरं घड्याळ सुरू होतं.

गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क त्याला सांगितला जातो. तो दोन्ही सोडून देतो. काही तास जबाब देतो, लेखी निवेदन लिहून देतो. त्याच्या रक्तात दारू किंवा अमली पदार्थ आहेत का, याची तपासणी होत नाही. रात्री तो घरी जातो. अटक होत नाही, कारण कायद्यात 2005 पासूनची ती तरतूद आहे.

त्याच रात्री उशिरा ट्रेव्हनचे वडील बाहेरून जेवून परत येतात. मुलगा घरात नाही, फोन लागत नाही. नात्यातल्या भावाबरोबर सिनेमाला गेला असेल, असं त्यांना वाटतं.

27 फेब्रुवारी, सकाळी

वडील मुलगा हरवल्याची तक्रार करतात. पोलीस घरी येतात आणि एक फोटो दाखवतात.

त्याच दिवशी झिमरमन पोलिसांना घटनास्थळी घेऊन जातो. कुठे काय झालं ते चालत चालत, कॅमेऱ्यासमोर सांगतो. वकील अजूनही बरोबर नाही.

13 मार्च

तपास अधिकारी सरकारी वकिलांकडे कागद पाठवतो आणि सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवावा अशी शिफारस करतो. त्याचं म्हणणं असं: झिमरमन गाडीत बसून पोलिसांची वाट बघत राहिला असता, तर ही गाठ पडणं टळलं असतं.

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत खरा वाटणारा निष्कर्ष हा आहे. कोर्टात त्याला फारसं वजन उरलं नाही. टळण्यासारखं होतं म्हणून ते गुन्हा ठरत नाही.

16 ते 23 मार्च

911 च्या ध्वनिफिती जाहीर होतात. तोवर मोर्चे सुरू झाले आहेत. 22 तारखेला सॅनफर्डचे पोलीसप्रमुख पदावरून तात्पुरते बाजूला होतात आणि गव्हर्नर रिक स्कॉट विशेष सरकारी वकील म्हणून अँजेला कोरी यांना नेमतात. 23 तारखेला राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणतात, मला मुलगा असता तर तो ट्रेव्हनसारखा दिसला असता.

11 एप्रिल

गोळी सुटून 45 दिवस झाले आहेत. झिमरमनवर दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा आरोप ठेवला जातो आणि तो तुरुंगात जातो.

दीड लाख डॉलरवर जामीन होतो. 1 जूनला तो रद्द होतो, कारण कुटुंबाकडे पैसे नाहीत असं कोर्टाला सांगितलं गेलं होतं आणि तेव्हा देणग्यांच्या वेबसाइटवर लाखावर डॉलर जमलेले होते. नवा जामीन दहा लाखांचा. गोळीशी काहीही संबंध नसलेल्या या एका खोट्याने त्याच्या शब्दाची पत कोर्टात घसरते.

18 जुलै

खटला उभा राहायचा असताना तो दूरचित्रवाणीवर मुलाखत देतो. त्या रात्रीपूर्वी 2005 चा तो कायदा, ज्याला 'जागेवर ठाम राहा' म्हणतात, आपण ऐकला नव्हता, असं सांगतो. पुढच्या वर्षी सरकारी पक्ष त्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला साक्षीला बोलावतो. शिक्षक सांगतात, आमच्या वर्गात या कायद्याची चर्चा झाली होती.

24 जून 2013

ज्युरीसमोर खटला सुरू होतो. न्यायाधीश डेब्रा नेल्सन. ज्युरीत सहा जणी. खटल्याआधीच कायद्याच्या संरक्षणाखाली सुटका मागण्याची सुनावणी बचाव पक्षाने सोडून दिली आहे. साधं स्वसंरक्षण, एवढाच दावा.

झिमरमन साक्ष देत नाही. त्याला गरज पडत नाही. पोलिसांना वकिलाविना दिलेले जबाब सरकारी पक्षच त्यांतल्या विसंगती दाखवण्यासाठी ज्युरीला ऐकवतो. त्यामुळे त्याची बाजू उलटतपासणीशिवाय ज्युरीच्या कानांवर पडते.

5 जुलै

किंकाळ्या कोणाच्या होत्या? एवढ्या फितीवरून आवाज ओळखता येत नाही, असं एफबीआयच्या तज्ज्ञाने सांगितलं आहे. ट्रेव्हनची आई सिब्रिना फुल्टन साक्षीला उभी राहते. फीत लागते. हा माझ्या मुलाचा आवाज आहे, ती सांगते.

त्याच दिवशी झिमरमनची आई उभी राहते. तीच फीत लागते. हा माझ्या मुलाचा आवाज आहे, ती सांगते.

12 जुलै

बचाव पक्षाचे वकील मार्क ओमारा समारोपाच्या भाषणात बोलता बोलता थांबतात. ट्रेव्हन पळाल्यापासून झटापट सुरू होईपर्यंत चार मिनिटं होती, असं त्यांचं म्हणणं आहे. ती चार मिनिटं किती लांब असतात ते ज्युरीने अनुभवावं म्हणून ते गप्प राहतात. कोर्टात कुणी बोलत नाही. घड्याळ चालू असतं. एवढ्या वेळात तो घरी पोचू शकला असता, असा त्यांचा मुद्दा आहे.

मग ज्युरीला सूचना मिळतात. त्यांत, आरोपीला मागे सरण्याचं बंधन नव्हतं, हे वाक्य आहे. आधी कुरापत कोणी काढली याबद्दल सरकारी पक्षाने मागितलेली सूचना नाही. स्वसंरक्षण नव्हतं हे सरकारी पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं आहे.

आपल्याकडे ही जबाबदारी उलटी असते. स्वसंरक्षणाचा बचाव आरोपीने दाखवून द्यायचा, मात्र शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूने झुकलं तरी पुरतं. आणि पूर्वीच्या दंडविधानाच्या कलम 99 मध्ये होतं ते वाक्य आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 मध्ये तसंच आहे: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर खाजगी बचावाचा हक्क नाही. जमिनीवर पडून मार खाणाऱ्याला असा वेळ नसतो, हे आपली कोर्टंही मानतात. तरी ते वाक्य निदान एक प्रश्न विचारायला लावतं: मदत वाटेवर होती का?

13 जुलै 2013, रात्री 10 च्या सुमारास

दोन दिवसांत सोळा तासांहून अधिक विचार करून ज्युरी परत येते. खून: दोषी नाही. सदोष मनुष्यवध: दोषी नाही.

गोळी सुटून 503 दिवस झाले आहेत. त्याच महिन्यात 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' हे शब्द पहिल्यांदा पसरू लागतात.

24 फेब्रुवारी 2015

केंद्रीय न्याय विभाग नागरी हक्कांखाली आरोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर करतो. तेवढा पुरावा नाही, असं कारण दिलं जातं. फाइल बंद होते.

2017

फ्लोरिडाचा कायदा बदलतो. खटल्याआधीच्या सुनावणीत स्वसंरक्षण नव्हतं हे दाखवण्याचं ओझं आता सरकारी पक्षावर येतं. गोळी झाडणाऱ्याची वाट आणखी सोपी होते.

पुन्हा 26 फेब्रुवारी 2012, संध्याकाळी 7.13

कायद्याने या संध्याकाळचं शेवटचं मिनिट तपासलं. कोण खाली होता, कोण वर होता, भीती रास्त होती का. त्या मिनिटापुरता ज्युरीला संशय राहिला आणि संशय असेल तर सोडायचं, हा नियम त्या सहा जणींनी पाळला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने जे ठरवायचं असतं, ते या मिनिटाच्या आधी ठरवायचं असतं. दार उघडायचं की नाही. टपालपेट्यांजवळ थांबायचं की नाही. ते ठरवताना त्याच्या अंगावर कुणी आलेलं नसतं.

ओमारा यांनी मोजलेलं घड्याळ त्या संध्याकाळी दोघांसाठी चालू होतं. पोलिसांची गाडी आधीच निघाली होती. पहिला पोलीस पायवाटेवर पोचला तेव्हा 7 वाजून 17 मिनिटं झाली होती. झिमरमनने फोन ठेवल्यापासून चार मिनिटं, जेमतेम.

एवढाच वेळ गाडीत बसून राहायचं होतं.